तात्यासाहेबांचं तोंड कुठाय?

“आता तोंड तेवढं राहिलं,” उपळेकर सर म्हणाले आणि माझ्या हातात ब्रश देऊन दोन पावलं मागं सरले.

बुधवारची दुपार होती. शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत चार फुटी कॅनव्हास उभा होता. त्यावर काळा लांब कोट होता, कोटाला पाच बटणं होती, प्रत्येक बटणावर उजेडाचा बारीक ठिपकासुद्धा होता. एक हात टेबलावर टेकलेला, टेबलावर जाडजूड पुस्तकं, वर पांढरी टोपी. आणि टोपीच्या खाली, कॉलरच्या वर, कच्च्या पपईएवढी कोरी जागा.

“छे छे, सर!” मी ब्रश परत त्यांच्या हातात कोंबला. “तुम्ही असताना मी तोंडाला हात लावू? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणायचेत! तू मुंबईला शिकतोस. तुझा हात ताजा. मी आता जुना झालो.”

“पण मान तुमचा आहे.”

“मान काय घेऊन बसलास? मीच देतोय म्हटल्यावर घ्यावा माणसानं.”

“मी काय म्हणतो सर, टोपीची घडी अजून जरा चापून घेऊ का?”

“टोपीची घडी सकाळपासून तीनदा चापलीस तू.”

“मग बटणं बघू?”

“बटणं मी बघितली,” सर जरा ओशाळून म्हणाले. “दोनदा.”

दोन दिवस आमचं हेच चाललं होतं. लग्नाच्या पंगतीत ‘तुम्ही आधी बसा, तुम्ही आधी बसा’ करत दोन म्हातारे उपाशी राहतात, तशी आमची गत झाली होती. तोंड सोडून बाकी सगळं आम्ही इतकं घोटलं होतं की टेबलावरच्या पुस्तकांची पानंसुद्धा मोजता आली असती.

चित्र होतं आमच्या हिवरतळ्याच्या शाळेचे संस्थापक कैलासवासी तात्यासाहेब शेलार यांचं. शुक्रवारी सकाळी दहाला नव्या सभागृहात त्याचं अनावरण होतं. पाहुणे शिक्षणाधिकारी. आणि त्याच कार्यक्रमात, महिन्याअखेर रिटायर होणाऱ्या उपळेकर सरांना संस्था ‘कलामहर्षी’ ही पदवी देणार होती. मानपत्र जाड कागदावर छापून आलं होतं, मी वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘माणसाच्या चेहऱ्यातून त्याचं मन रेखाटणारा किमयागार.’ अठ्ठावीस वर्षं त्यांनी या शाळेत चित्रकला शिकवली होती. त्या अठ्ठावीस वर्षांचं जे काय व्हायचं होतं, ते आता त्या पपईएवढ्या जागेवर येऊन थांबलं होतं.

सरांनी खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि स्टुलावर बसले.

“मुरल्या, खरं सांग. मुंबईला चेहरा शिकवतात ना?”

“शिकवतात सर.”

“मग?”

“मला येत नाही. मी त्या पेपरात नापास झालोय. दोनदा. घरी सांगितलंय की निकाल लागायचाय.”

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मी मान खाली घालून उभा राहिलो. मग वर बघितलं, तर सरांचे डोळे भरून आलेले.

“मलाही येत नाही रे,” ते म्हणाले. “आयुष्यात कधी आलाच नाही. नाक काढायला घेतलं की त्याचा गूळ होतो. म्हणून तुला बोलावून घेतलं मी. म्हटलं, पोरगं मुंबईहून शिकून आलं असेल, निभावून नेईल.”

“आणि मी आलो ते तुम्ही काढाल म्हणून!”

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. मग मला हसू फुटलं आणि सर मला ओरडले, आणि ओरडता ओरडता तेही हसले. पण ते हसणं काही फार टिकलं नाही.

आता हे कसं झालं, ते सांगायला पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा ज्यांनी दिल्या असतील त्यांना स्मरणचित्र माहीत असेल. ‘गावचा बाजार’, ‘बागेत खेळणारी मुले’, ‘एसटी स्टँडवरील गर्दी’ असा काही विषय येतो आणि आठवून माणसं काढायची असतात. उपळेकर सरांनी आम्हाला त्यासाठी माणसं शिकवली होती, आणि फार सुरेख शिकवली होती, फक्त ती सगळी पाठमोरी होती. बाजारातल्या बाया भाजीवाल्याकडं तोंड करून वाकलेल्या. भाजीवाला वजनाकडं बघायला पलीकडं वळलेला. बागेतली मुलं फुगेवाल्याकडं धावताहेत आणि फुगेवाल्याच्या तोंडापुढं फुगे. एसटीची गर्दी तर एसटीकडं बघत असणारच, त्यात काही प्रश्नच नव्हता. “परीक्षकाला नाक आवडलं नाही तर तो मार्क कापतो,” सर सांगायचे. “पाठीला मार्क कापणारा परीक्षक अजून जन्माला यायचाय.” आणि तसंच व्हायचं. आमच्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. मला ‘ए’ ग्रेड मिळाली, तालुक्यात पहिला आलो, वडील सुतारकाम करायचे, त्यांनी शाळेला फुकटात फळा करून दिला.

आम्हाला वाटायचं, चित्रात माणसं अशीच असतात. मुंबईच्या कला महाविद्यालयात पहिल्या दिवशी मॉडेल म्हणून एक म्हातारा बसवला होता. सगळी मुलं पुढं जागा पकडायला धावली. मी आपला सवयीनं म्हाताऱ्याच्या मागं जाऊन बसलो आणि दोन तासांत त्याची मान, खांदे, सदऱ्याच्या सुरकुत्या असं काही झकास काढलं म्हणता! प्राध्यापक आले, बघितलं, विचारलं, “हे काय आहे?” मी म्हटलं, “माणूस.” ते म्हणाले, “पुढं येऊन बस.” पुढं येऊन बसलो आणि संपलं. नाकाचा गूळ झाला.

तर असे आम्ही गुरू-शिष्य. कोट, टोपी, पुस्तकं, सगळं तयार आणि तोंडाचा पत्ता नाही.

“फोटोवरून चौकोन पाडून काढू,” मी म्हटलं. “चौकोन पाडले की गाढवसुद्धा चेहरा उतरवेल.”

सरांनी बोर्डाला टाचलेला फोटो काढून माझ्या हातात दिला. तात्यासाहेबांचा एकच फोटो साऱ्या जगात होता. एकावन्न सालचा, शाळेच्या पायाभरणीचा. चाळीस-पन्नास माणसं कॅमेऱ्याकडं बघत दात दाखवून उभी. मधोमध तात्यासाहेब. पण फोटोग्राफरनं बटण दाबलं त्याच क्षणी मागं कुणा गवंड्यानं चुकीची वीट लावली म्हणे, आणि तात्यासाहेब त्याला ओरडायला वळले. फोटोत त्यांचा कोट होता, टोपी होती, मान होती, एक कान होता. बाकी तात्यासाहेब नव्हते. “दुसरा फोटो काढू” असं फोटोग्राफर म्हणाला, तेव्हा “वेळ नाही” म्हणून ते निघून गेले. पुढं बावीस वर्षं जगले, पण फोटोला उभं राहायला त्यांना वेळ झाला नाही.

“मग आता हेच स्मरणचित्र,” सर म्हणाले. “मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली, पण ते समोर आले की माझी मान खाली. गावात विचारू. कुणाला तरी आठवत असेल.”

गुरुवारी सकाळी आम्ही वही घेऊन गावभर फिरलो. आधी गेलो सेक्रेटरी दौलतरावांकडं. हे तात्यासाहेबांचे पुतणे. संस्था आता त्यांच्या ताब्यात होती.

“तात्यांचं नाक?” दौलतराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःची मान वळवून आम्हाला नाक बाजूनं दाखवलं. “हे असं. लोक म्हणतात, हुबेहूब. कपाळ पण माझंच धरा. मिशी जरा जास्त पिकवा, की झालं.”

दौलतरावांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं, त्यामुळं शाळेच्या सभागृहात त्यांचं नाक लागायला त्यांची काही हरकत नव्हती. शाळेचा शिपाई गेनूमामा म्हणाला, मिशी नव्हतीच. वाण्यानं सांगितलं, मिशी होती पण दाढीसकट. ज्या गवंड्यानं वीट चुकवली होती तो अजून जिवंत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “मी कुटं वर बगतोय? ते वराडत होते आन मी खाली विटंकडं बगत होतो.”

शेवटी सरांना सुचलं. “अरे, न्हावी! न्हाव्याला विचारू. त्याच्याइतकं तोंड कुणी बघितलं असेल?”

म्हातारा न्हावी पारावर उन्हाला बसला होता. सरांनी वही उघडली, पेन्सिलीला थुंकी लावली. “बाबा, तात्यासाहेबांना मिशी होती का हो?”

न्हाव्यानं फार मनापासून आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले, हातानं हवेत कात्री चालवली. मग म्हणाला, “मागचं क्यास मी कापायचो. मानंवर उजव्या अंगाला तीळ व्हता. दाढी-मिशी त्यांची ते बघायचे, घाई असायची.”

सरांनी वहीत लिहिलं, ‘मान. उजवीकडे तीळ.’ वही मिटली. दिवसभरात हाती लागलेली पक्की म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

खोलीत आल्यावर सर चित्रासमोर उभे राहिले आणि एकदम म्हणाले, “फिरवू या.”

“काय?”

“तात्यासाहेबांना. फोटोत जसे आहेत तसे. आपल्याला जे येतं ते आपण काढायचं. उद्या कुणी विचारलं तर फोटो पुढं करायचा. पुरावा आहे.”

“सर, संस्थापकाची पाठ लावायची सभागृहात? लोक मारतील आपल्याला.”

“नाकाचा गूळ लावला तर मारणार नाहीत?”

आम्ही कामाला लागलो. आणि देवाशप्पथ सांगतो, दोन दिवस रुसून बसलेलं ते चित्र आमच्या हाताखाली आपण होऊन चालायला लागलं. सरांनी हळहळत एकेक बटण पुसलं आणि तिथं पाठीची मधली शिवण ओढली. मी टोपीखालची मान घेतली, कानाची पाळी घेतली, मानेवर उजवीकडं तीळ ठेवला. सरांनी उजव्या खांद्याला जरासा उतार दिला. “ज्वारीचं पोतं उचलून उचलून झुकला होता तो,” ते म्हणाले. शाळा बांधायला तात्यासाहेब गावोगाव फिरून मूठ मूठ ज्वारी गोळा करायचे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो खांदा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. दिवेलागणीच्या आत चित्र झालं. टेबलावरच्या हाताची बोटं तेवढी उलटी, आपल्याकडं आलेली राहिली. ती आमच्या लक्षात आली नाहीत आणि गंमत म्हणजे आजतागायत कुणाच्याच आलेली नाहीत.

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत तात्यासाहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळं गाव जिजी म्हणायचं. बासष्ट वर्षांची, काटक, कपाळ मोकळं, पांढरं लुगडं, मांडीवर हात ठेवून बसलेली बाई. त्या लेकीकडं कऱ्हाडला असायच्या, सकाळच्याच गाडीनं आल्या होत्या.

शिक्षणाधिकाऱ्यांनी दोरी ओढली आणि पडदा बाजूला झाला. टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

शिक्षणाधिकारी सज्जन माणूस होते. त्यांना वाटलं, चित्र उलटं टांगलं गेलंय. त्यांनी चौकटीच्या कडेनं डोकं घालून मागं बघितलं. मागं भिंत होती. त्यांच्या अनामिकेवर चित्राला लावायचं गंध तयार होतं, ते बोट त्यांनी तसंच हवेत धरून ठेवलं.

“तोंड कुठाय?” दौलतरावांनी विचारलं. माइक चालू होता, त्यामुळं ते सगळ्या गावानं विचारल्यासारखं झालं.

“पुढं आहे,” सर म्हणाले.

“कुठं पुढं?”

“त्यांच्या पुढं.”

“म्हणजे आम्ही त्यांच्या मागं?”

“आपण सगळे तात्यासाहेबांच्या मागंच आहोत की,” सर म्हणाले. बिचाऱ्यांनी ते रात्री पाठ केलं असावं, पण आवाज इतका कापत होता की ते त्यांचं त्यांनाही पटलेलं दिसलं नाही. मी खिशातून फोटो काढून पुढं केला. “फोटोबरहुकूम आहे साहेब,” मी म्हटलं. “तीळसुद्धा आहे.”

“तीळ घालतोय चुलीत!” दौलतराव भडकले. त्यांचं नाक बरंच लाल झालं होतं. “उपळेकर, एकच विचारतो, सगळ्यांसमोर सांगा. तुम्हाला माणसाचं तोंड काढता येतं का नाही? हो का नाही?”

सरांची अठ्ठावीस वर्षांची मुलं तिथं बसली होती. कुणी आता मास्तर होतं, कुणी कंडक्टर, कुणाचं दुकान. त्या सगळ्यांना सरांनी माणसं शिकवली होती. दौलतरावांनी टेबलावरचं मानपत्र उचलून काखेत मारलं. सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खरं सांगायला तोंड उघडलं.

“दौलत, गप बस,” जिजी म्हणाल्या.

त्या उठल्या. स्टेजच्या तीन पायऱ्या कुणाचा हात न धरता चढल्या आणि चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या जवळ की मला भीती वाटली, ओला रंग लुगड्याला लागेल.

“जिजी,” दौलतराव आवाज जरा खाली आणून म्हणाले, “तुम्हीच सांगा. हे तात्या वाटतात का?”

जिजींनी तीळ बघितला. उतरता खांदा बघितला.

“ह्येच त्ये,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण तोंड...”

“तोंड काडलं असतं तर मला वळखू आलं नसतं.” त्या कुणाला ऐकवायला बोलत नव्हत्या, पण माइक जवळ होता. “बारा वर्साची हुते मी, लगीन झालं तवा. पुढं छत्तीस वर्सं संसार केला. भाकरीचं फडकं हातात दिलं की निगालं. ज्वारी गोळा कराय निगालं, इटा आणाय निगालं, कलेक्टरकडं निगालं. मी दारात हुभी. कोपऱ्यावरनं वळंस्तवर बगायची. येकदा मागं वळून बगतील म्हनून. ही मान, ह्यो कोट, ही टोपी. म्या येवढंच बगितलंय. बरूबर काडलंय मास्तरांनी.”

आधी मागच्या रांगेतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळे. दौलतरावांना माहीत होतं की मतदार कुठं बसलेत. त्यांनी काखेतलं मानपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

“पण हे मी कुठं लावू?” शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या बोटावरचं गंध वाळत चाललं होतं.

खरंच की. हार चौकटीला अडकवता आला, पण गंध लावायला कपाळ पाहिजे. कुणी म्हणालं, मानेला लावा. लगेच दुसरा म्हणाला, “मानंला? पोळ्यातली बैलाची खांदेमळणी हाय काय ही?” हेडमास्तरांनी टोपीवर लावावं असं सुचवलं, तर दौलतराव म्हणाले, टोपीवर डाग पडलेला बरा दिसणार नाही. पाच मिनिटं चांगली जोरात चर्चा झाली. शेवटी कोपऱ्यात पाण्याचा तांब्या धरून उभा असलेला गेनूमामा म्हणाला, “सायेब, तोंड पलीकडं हाय म्हनता न्हवं? मग पलीकडनं लावा की. पलीकडं स्टाफरूम हाय.”

यावर कुणालाही हसू आलं नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं. गेनूमामा सुतळी घेऊन आला. जमिनीपासून टोपीच्या काठापर्यंत माप घेतलं, कोपऱ्यापासून माप घेतलं, आणि तो पलीकडं गेला. भिंतीवर टकटक झाली. “इथं का?” “जरा वर!” हेडमास्तर भिंतीला कान लावून ओरडले. टकटक. “आता?” “डावीकडं! तुमच्या नाही, तात्यासाहेबांच्या डावीकडं!” शिक्षणाधिकारी बोट सांभाळत निघाले, तेवढ्यात जिजींनी गंधाची वाटी तबकातून उचलली.

“मी लावते,” त्या म्हणाल्या.

“जिजी, पाहुण्यांच्या हस्ते ठरलंय,” दौलतराव कुजबुजले.

“पाव्हन्यांचा न्हवरा हाय का त्यो?” जिजी म्हणाल्या आणि स्टाफरूमकडं चालू लागल्या.

तो रिवाज शाळेत अजून आहे. दरवर्षी पुण्यतिथीला हार सभागृहात घालतात आणि गंध स्टाफरूमच्या भिंतीला लावतात. त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर कुणी मास्तर डुलकी काढत नाही. नवीन आलेला कुणी बसला तर त्याला सांगतात, तिथं नको, तात्यासाहेब समोर आहेत.

मी पुढं चित्रकार झालो. नाव झालं, म्हणजे ज्याला नाव म्हणतात तसं. माझी सगळी माणसं पाठमोरी आहेत, बाजारातली, हॉस्पिटलच्या रांगेतली, खिडकीशी उभी असलेली. आधी मी रंग भरभरून लावायचो, कपड्यांच्या सुरकुत्या काढायचो. मग रंग कमी झाले, सुरकुत्या गेल्या. आता दोन खांदे आणि एक मान, बास. शिकलेले लोक त्यावर लिहितात. माणसाचं तुटलेपण वगैरे असतं त्यात. परवा एक मुलगी मुलाखतीला आली होती, तिनं विचारलं, तुमच्यावर कोणत्या युरोपियन चित्रकाराचा प्रभाव आहे? मी म्हटलं, हिवरतळ्याच्या उपळेकर सरांचा. तिनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ते कोणत्या देशात होते?

पण तिला सांगितलं नाही ते इथं सांगतो.

त्या शुक्रवारी कार्यक्रम संपला. मानपत्र वाचून झालं, ‘चेहऱ्यातून मन रेखाटणारा किमयागार’ या वाक्याला सर खाली बघत उभे राहिले. शाल अंगावर, नारळ काखेत, मानपत्र हातात अशा अवतारात ते स्टेजवरून उतरले आणि मला म्हणाले, “जिजी कुठायत? पाया पडायचंय मला.”

जिजींची खुर्ची रिकामी होती. लोक चहाकडं पांगले होते. आम्ही स्टाफरूमच्या दाराशी गेलो आणि दारातच थांबलो.

आत जिजी एकट्या होत्या. त्यांनी एक खुर्ची ओढून भिंतीसमोर घेतली होती आणि तिच्यावर बसल्या होत्या. आमच्याकडं त्यांची पाठ. समोर नुसती चुन्याची पांढरी भिंत, आणि भिंतीवर, उभ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, गंधाचा एक ओला टिळा. जिजी मान वर करून त्याच्याकडं बघत होत्या.

“आता कुटं जाताय?” त्या भिंतीला म्हणाल्या.

भिंत कशाला बोलतीय!

“शाळा झाली. वर्गात पंखं लागलं. ज्वारी आता कुनी देत न्हाई आन मागत बी न्हाई. बसा की जरा.” मग पदर सावरला. “किती वर्सांनी समोर गावलाय.”

आणि त्यांचे खांदे हलायला लागले. थोडे, मग जास्त. मानेमागचा पांढरा अंबाडा त्याबरोबर हलत होता. त्या हसत होत्या का रडत होत्या, मला कळेना. पुढं जाऊन बघावं म्हणून मी पाऊल उचललं, तर सरांनी मागून माझा सदरा धरला.

“कुठं निघालास?”

“जिजींचं तोंड बघून येतो सर.”

“कशाला?” सर म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. “इथून दिसतंय की सगळं.”

मी बघितलं. खरंच दिसत होतं.

सरांनी नारळ खाली ठेवला, कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली, मानपत्र पालथं केलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. मागची बाजू कोरी होती.

“हं, काढ लवकर,” ते म्हणाले. “उठायच्या आत.”

ते मानपत्र सरांच्या घरी बैठकीच्या खोलीत काच लावून टांगलेलं आहे. सर गेले, आता त्यांची मुलगी तिथं राहते. छापलेली बाजू भिंतीकडं आहे.